हळू आवाजाचा माणूस

ताईचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्यात, अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. दिवस नुकताच मावळला होता. फोन कानाला लावला तर ताईचा आवाज येईचना. येत होती ती नुसती धडधड, लग्नाच्या डीजेची. तिच्या तळाशी कुठेतरी एक बाई काहीतरी सांगते आहे, एवढंच कळत होतं. मला वाटलं, चुकून बटण दाबलं गेलं असेल. "ताई, आयकू येऊन नाई राहिलं, जोरानं बोल," मी म्हणालो. ती बोलली. मला काही कळलं नाही. "अजून जोरानं बोल वं!" आणि मग जन्मात कधी आवाज न चढवलेली माझी ताई गळा फाडून ओरडली, "तुये भाऊजी गेले रे सुधीर... गेले!" नवऱ्याच्या मरणाची बातमी तिला ओरडून सांगावी लागली, कारण भिंतीपलीकडे लग्न होतं आणि लग्नातल्या लोकांना नाचायचं होतं.

त्याला आता दोन महिने होत आले. भेटायला येणारा जो तो म्हणतो, मनोहर भाऊजी भाग्यवान, शांतपणे गेले. खुर्चीत बसल्या बसल्या गेले, हे खरं आहे. कुणाला त्रास दिला नाही, हेही खरं आहे. पण शांतपणे गेले असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये. शांतता हीच एक गोष्ट त्या माणसाने आयुष्यात मागितली होती, आणि तीच त्याला कुणी दिली नाही.

भाऊजी पवनीचे. वैनगंगेच्या काठावरचं ढिवराचं घर. वडील डोंगा घेऊन पहाटे नदीवर जात आणि मनोहरला सोबत नेत. पाण्यावर बोलणं फार लांब जातं, मासोळीलाही ऐकू जातं, म्हणून वडील डोंग्यात एक शब्द बोलत नसत. जाळं कुठं टाकायचं ते बोटाने दाखवत. "मी बोलाले नंतर शिकलो, आयकाले पयले शिकलो," असं भाऊजी हसून सांगायचे. पाण्यावरून येणारा दूरच्या देवळाचा टाळ, पलीकडच्या काठावर कुणी खोकलं तर तो खोकला, वल्ह्यावरून ठिबकणारं पाणी... हे त्यांचं पहिलं संगीत. घराण्यात पगाराची नोकरी मिळालेले ते पहिलेच, आणि नशीब असं की नोकरी मिळाली ती बसस्थानकावर कंट्रोलरची. पुढची सगळी वर्षं एका कळकट खोलीत, तोंडासमोर माईक, डोक्यावर भोंगा. अड्याळकडे जाणारी गाडी, लाखांदूरकडे जाणारी गाडी, भंडाऱ्याकडे जाणारी गाडी. त्या भोंग्यातून त्यांचा स्वतःचा आवाज पत्र्याचा डबा घासल्यासारखा यायचा. बाहेर इंजिनं, हॉर्न, कंडक्टरची भांडणं, शेंगदाणेवाले. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन ते बराच वेळ नुसते बसत. लग्न होऊन नवी नवी आलेली ताई घाबरून गेली होती. माहेरी, आमच्या करडी गावाला आल्यावर तिने आईला सांगितलं, "थे माह्यावर रागावून रायते, बोलतच नाई." रागबिग काही नव्हता. कानात दिवसभराची धूळ बसते, ती खाली बसू द्यावी लागते, असं त्यांनी मला पुढे समजावून सांगितलं.

गाण्याचं वेड मात्र होतं, पण तेही हळू आवाजातलं. एक जुना टेपरेकॉर्डर होता, तो उशाशी ठेवून ऐकायचे. खंजेरीवरची भजनं, सारंगी, जुनी नाट्यगीतं, आणि गावच्या दंडारीचं, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचं, कुणीतरी मांडवात बसून केलेलं रेकॉर्डिंग. निवृत्त झाल्यावर पवनीच्या कडेला, धानाच्या शेतांना, बांध्यांना लागून घर बांधलं. घर लहानच, पण मागच्या बाजूला एक खोली त्यांनी स्वतःसाठी काढली. भिंतीत लाकडी फळ्या, एक वेताची खुर्ची, बांध्यांकडे उघडणारी खिडकी. टेपरेकॉर्डर तोवर मेला होता. मुलीने, पल्लवीने, पुण्याहून एक होम थिएटर पाठवलं. पाच-सहा डबे आणि एक मोठा ठोकळा. पहिल्याच दिवशी भाऊजींनी भजन लावलं तर ठोकळ्यातून नुसतं धम् धम्, आणि गाणारा बिचारा त्याच्याखाली दबलेला. त्यांनी ते टीव्हीला जोडून ताईला मालिका बघायला देऊन टाकलं आणि मला फोन केला. "सुधीर, मले खोलीच्या मापाचा आवाज पाह्यजे. तू नागपूरले येतेस काय माह्यासंगं?"

पुढचे काही महिने भाऊजींच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. फळीवर ठेवायचे लहान स्पीकर असतात, बुकशेल्फ म्हणतात त्यांना, हे त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून शोधून काढलं होतं. पल्लवी म्हणायची, बाबा, उभे मोठे स्पीकर घ्या, एकदाच काय ते घ्या. हे हसायचे. "लग्नाच्या पंगतीचा भाताचा गंज घरच्या चुलीवर ठेवते काय कोणी? खोली लहान, तं पेटीही लहानच पाह्यजे. मोठ्या पेटीचा आवाज भितीले धडकून परत येते अन् गाण्याच्या अंगावर पडते." ताई स्वयंपाकघरातून म्हणायची, "बाप्पा, पोरीसाठी स्थळ पायलं तई एवढे हेलपाटे नाई घातले यायनं!"

नागपूरला सीताबर्डीच्या गर्दीतून आम्ही दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानातला मुलगा भलताच उत्साही. आम्ही बसायच्या आधीच त्याने कुठलंतरी धिंगाणा गाणं लावलं, काउंटरवरची काच थरथरायला लागली, आणि तो अभिमानाने म्हणाला, "काका, बेस देखो बेस!" भाऊजींनी हात जोडले. "बाबू, आवाज कमी कर. अजून कमी कर. आता बोलताना आपलं आपल्याले आयकू येते, इतका कर." इतक्या हळू आवाजात त्या स्पीकरमध्ये काही उरलंच नाही. तबला गेला, शब्द गेले, राहिली नुसती कुजबुज. भाऊजी उठले. पायऱ्या उतरताना म्हणाले, "ओरडून तं कोणीही मोठा होते."

तिसऱ्या की चौथ्या दुकानात, माडीवर, एक बाई मालकीण होत्या. त्यांनी आम्हाला चहा दिला, दार लावून घेतलं आणि रिमोट भाऊजींच्या हातात देऊन त्या बाहेर निघून गेल्या. भाऊजींनी आपली पेनड्राइव्ह लावली. एक जोडी ऐकली, दुसरी ऐकली. दुसरी गोड होती, पण तिच्या पाठीला हवा जायचं भोक होतं. तसली पेटी भिंतीला टेकवली की आवाज घुमतो, आणि घरी तर फळी भिंतीतच. ती बाजूला झाली. एका जोडीला वेगळा एम्प्लिफायर लागत होता आणि वायरींचं जंजाळ. "बांध्यातले उंदीर तीन दिवसात खाऊन टाकतीन," म्हणून तीही गेली. शेवटी राहिली ती एक साधी, पितळी डब्याहून थोडी उंच, भोक पुढच्या बाजूला, एम्प्लिफायर आतच बसवलेला. त्यावर त्यांनी सारंगी लावली, अगदी हळू, आणि मला म्हणाले, "डोळे बंद कर. बजावणारा कुठं बसून आहे, सांग."

मला संगीतातलं काही कळत नाही. मी शाळेतला कारकून. पण डोळे मिटले, आणि ते सारंगीचे सूर डाव्या पेटीतूनही येत नव्हते, उजव्या पेटीतूनही नाहीत. दोन्हींच्या मधोमध, रिकाम्या जागेत, समोर माणूस बसलेला होता. त्याचा गज तारेवर टेकतानाची खरखरही ऐकू येत होती. मी बोटाने मधली जागा दाखवली. डोळे उघडले तर भाऊजी रडत होते. बसस्थानकावर भोंग्याखाली काढलेल्या सगळ्या वर्षांची धूळ त्या दुपारी खाली बसली असावी... येताना बसमध्ये खोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं. वरच्या फळीवर ठेवू दिलं नाही.

घरी आल्यावर फळी उपटून कानाच्या उंचीला बसवली. पेट्यांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून घातले, म्हणजे फळी थरथरणार नाही. दोन्ही पेट्या किंचित खुर्चीकडे वळवल्या. रोज दिवेलागणीला ते तासभर ऐकायचे. आवाज एवढाच, की खिडकीबाहेरचे बेडूकही ऐकू यायचे. ताई चिडवायची, "एवढं झुरून झुरून आणलं, अन् मोठ्यानं लावाचं नाई!" पण हळूहळू तीही भाजी निवडायला त्याच खोलीत येऊन बसू लागली. तिला दंडारीतला एक प्रवेश फार आवडायचा. त्यात मागे कुणाचं तरी लेकरू रडतं, आणि गाणाऱ्या माणसाचा सूर लेकराकडे बघून क्षणभर हसरा होतो. ते हसू त्यांना त्या पेट्यांमधून पहिल्यांदा ऐकू आलं, असं दोघंही सांगायचे. एक उन्हाळा आणि एक पावसाळा, एवढं सुख त्यांना मिळालं. मोजून मापून तेवढंच.

घराला लागून असलेला जमिनीचा तुकडा भाऊजींचाच होता. मोठ्या भावाचा मुलगा नंदू तो मागत होता. "काकाजी, तुमच्या शेजारी घर बांधतो. म्हातारपणी तुमच्याजवळ कोणीतरी घरचं पाह्यजे ना." भाऊजींना बरं वाटलं. पल्लवी दूर, आपल्यानंतर ताईला आधार होईल, असा त्यांनी विचार केला आणि तुकडा नंदूच्या नावाने करून दिला. नंदूने घर बांधलं नाही. लग्नाचं लॉन काढलं. बांध्यात मुरूम भरला, कमान उभारली, प्लास्टिकचं गवत अंथरलं, आणि मंच नेमका भाऊजींच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर बांधला. भाऊजी विचारायला गेले तर तो पाया पडला. "काकाजी, घर तं बांधणारच आहो. पण पयले पोट भरलं पाह्यजे ना?"

धान निघाले आणि लग्नं सुरू झाली. पहिल्या लग्नाच्या दिवशी मी योगायोगाने तिथेच होतो. मंचाच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच, एकावर एक रचलेले काळे बॉक्स. ते सुरू झाले तेव्हा आवाज कानाला नाही, छातीला लागला. स्वयंपाकघरातल्या ताटल्या वाजायला लागल्या. भाऊजींच्या खोलीत गेलो तर ते दोन्ही हातांनी आपले दोन लहान स्पीकर धरून उभे होते. फळीवरून सरकत होते ते. ट्यूबचे तुकडेही कामाला आले नाहीत. भाऊजी मला काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही.

मग सुरू झालं ते हिंडणं. आधी नंदूकडे. "काकाजी, लोकायले हेच पाह्यजे. मी नाई म्हटलं तं दुसऱ्या लॉनवर जातीन. एका दिवसाचा आनंद असते, तुमी काहून मनावर घेता?" तुझ्यासाठी ती रोजची भाकर आहे, पाहुण्यांसाठी एका दिवसाचा आनंद आहे, पण मी तर रोज इथेच आहे ना, असं भाऊजी त्याला म्हणाले. तर तो म्हणाला, "तुमालेच तं गाण्याचा शौक आहे!" नंतर पोलीस ठाण्यात गेले. मीही सोबत होतो. साहेबांनी नाव विचारलं, लॉनवाल्याचं नाव विचारलं, आणि दोन्ही आडनावं एकच पाहून ते हसले. "घरातलं घरात मिटवा ना, दादा. पुतण्याचा धंदा बसवून तुम्हाला काय भेटणार?" नगरपरिषदेत गेले, तिथेही तेच. समाजाच्या बैठकीत विषय काढला तर आमच्याच माणसांनी त्यांना वेड्यात काढलं. आपल्यातला एक पोरगा मासोळीच्या टोपलीतून वर आला, लॉनचा मालक झाला, आणि हा त्याच्या पायात पाय घालतो. हे ऐकून घेऊन भाऊजी घरी आले. त्यानंतर त्यांनी कुठे तक्रार केली नाही.

त्यांच्या छातीत आधीच एक स्टेंट बसवलेला होता. डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. म्हणून लग्नाची तारीख कळली की मी त्यांना भंडाऱ्याला घेऊन यायचो. दोघं पिशवी भरून यायची, रात्रभर राहायची आणि सकाळी परत जायची. एकदा माझ्याकडे चहा पिता पिता ते म्हणाले, "आमचे बुडे आजे पुराच्या वक्ती घर सोडून असेच जायचे. पण पूर वर्षातून एकदाच येते..." गाणं ऐकणं त्यांनी जवळपास बंद केलं होतं. लॉन रिकामं असलं तरी लावायचे नाहीत. ताईने विचारलं तर म्हणाले, "कान वाटच पायत रायते, आता सुरू होईन, मंग सुरू होईन. आयकू कसा?"

त्या दिवशीही मी सकाळी फोन केला होता, गाडी घेऊन येतो म्हणून. ते नाही म्हणाले. "आपल्याच घरातून किती डाव पळाचं, सुधीर? आज नाई येत." दुपारपासून बॉक्स सुरू होते. ताईने खिडकी लावली, फटीत चिंध्या कोंबल्या. दिवेलागणीच्या सुमारास ती चहा घेऊन गेली तेव्हा ते खुर्चीत मान टाकून होते. घाम सुटला होता, श्वास होता. तिने शेजारी हाका मारल्या, कुणाला ऐकू जाणार? मला फोन लावण्याआधी ती धावत लॉनवर गेली होती, नंदूला बोलवायला, गाडी मागायला. हे तिने मला नंतर, फार नंतर सांगितलं. वरात मंचाशी पोचली होती, पोरं नाचत होती. ती त्या गर्दीत घुसून "नंदू, नंदू, तुये काकाजी..." म्हणून ओरडत होती, हात हलवत होती. पोरांना वाटलं, काकू नाचायला आल्या. त्यांनी गोल करून तिला मध्ये घेतलं. कुणीतरी तिचे दोन्ही हात धरून वर केले. कुणीतरी तिच्या डोक्यावरून नोट ओवाळली. त्या गोलातून सुटून ती घरी परत आली, तेव्हा खुर्चीत श्वास नव्हता.

आवाजाने माणूस मरतो, असं मी म्हणत नाही. डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. हृदय थांबलं, वयही झालं होतं, म्हणाले. कागदावर तेच लिहिलं आहे आणि ते खोटंही नसेल.

तेरवी नंदूने केली. म्हणजे, मी करू देणार नव्हतो, पण समाज त्याच्या बाजूने होता आणि ताईत भांडायची ताकद नव्हती. श्रद्धांजलीची सभाही त्याच्याच लॉनवर झाली. त्याच मंचावर, पांढरी चादर टाकून भाऊजींचा फोटो. आणि दोन्ही बाजूंना तेच बॉक्स, नुसते पांढऱ्या कापडात गुंडाळलेले. नंदू बोलताना रडला. खरंच रडला, हे मी कबूल करतो, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. "काकाजीले संगीताची मोठी आवड होती," तो म्हणाला. "त्यायनंच मले ही जागा देली, त्यायच्याच आशीर्वादानं..." त्याचा हुंदका त्या बॉक्समधून साऱ्या बांध्यांवर गेला. मग मला बोलावलं. मी माईकसमोर उभा राहिलो. सांगायचं पुष्कळ होतं. पण तोंड उघडलं तर माझाच आवाज माझ्या अंगावर कोसळला, आणि मी एवढंच म्हणू शकलो, "आवाज कमी करा." ऑपरेटरने लगेच कमी केला. त्यानंतर मी जे बोललो ते मागच्या रांगांपर्यंत पोचलं नाही. लोक आपसात बोलायला लागले, आणि मी खाली उतरलो.

गेल्या आठवड्यात ताईकडे गेलो होतो. तिने भंडाऱ्याला येऊन राहावं, असं मी म्हणतो. पल्लवी म्हणते पुण्याला चल. ती कुठेच यायला तयार नाही. संध्याकाळ होत आली होती, लॉनवर लग्न होतं. घरात ताई दिसेना म्हणून मागच्या खोलीत गेलो. खिडकी बंद होती, भिंती हादरत होत्या. ताई वेताच्या खुर्चीत नव्हती, फळीपाशी स्टूल घेऊन बसली होती. समोर निवडायची मेथी तशीच पडलेली. दोन्ही पेट्यांवरचे बारीक हिरवे दिवे लागलेले होते, आणि तिचा उजवा तळहात एका पेटीवर होता. आवाज तिने त्यांच्याइतकाच ठेवला होता, अगदी हळू. मला अर्थातच काहीच ऐकू येत नव्हतं. मी तिच्या कानाशी वाकून विचारलं, "चालू आहे काय?"

तिने मान डोलावली. माझा हात धरला आणि दुसऱ्या पेटीवर ठेवला. "पाय ना," ती म्हणाली असावी. ओठांवरून कळलं.

हाताखाली थरथर होती. ती आतल्या सारंगीची होती की बाहेरच्या बॉक्सांची, ते मला कळलं नाही. ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "हो वं ताई, चालू आहे." तिला ते ऐकू गेलं नसणार, पण तिने डोळे मिटून घेतले.